सुरांची उतरंड

गेल्या आगमनकाळातील गोष्ट आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी गीते निवडावीत म्हणून आमच्या धर्मग्रामातील काही मंडळी एका सायंकाळी एकत्र जमली होती. गायकवृंदाचे तरुण संचालक होते. त्यांनी पियानोच्या परीक्षा दिल्या आहेत आणि स्वरलेखन ते वर्तमानपत्र वाचावे तसे वाचतात. एक निवृत्त गुरुजी होते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासाठी अनेक वर्षे ते आगगाडीच्या फलाटावर रात्र काढून आलेले आहेत. गिटार वाजविणारी चार मुले होती. आणि लग्नाच्या मांडवात जुनी गाणी म्हणणाऱ्या दोन वयस्क भगिनी होत्या. त्यांना आम्हीच मुद्दाम बोलावले होते.

अर्ध्या तासात गीते बाजूला राहिली आणि माणसांची प्रतवारी सुरू झाली. संचालक म्हणाले, बायकांची जुनी गाणी म्हणजे एकाच सुरातील ओरड. गुरुजी म्हणाले, चार आवाजांचे गायन म्हणजे पाठ केलेला कागद. त्यात गाणाऱ्याचे स्वतःचे काय असते? मुलांच्या गाण्यांना दोघांनी मिळून 'सिनेमा' असे नाव दिले. मुलांनी उत्तर दिले की तुमच्या गाण्यांनी आमच्या डोळ्यांवर झापड येते. त्या दोघी भगिनी मात्र काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला, "घरी रांधायचं राहिलंय, फादर," असे म्हणाल्या आणि निघून गेल्या.

घरी काहीही राहिलेले नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि आम्हांलाही.

त्या सायंकाळी दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. एका प्रकारच्या संगीतातील कौशल्य दुसऱ्या प्रकारातील कौशल्याशी ताडून पाहता येते काय, हा पहिला. एखाद्याला कोणते संगीत आवडते यावरून त्या माणसाची योग्यता ठरविता येते काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर घाईने दिले की दुसऱ्याचे उत्तर आपोआप आणि क्रूरपणे दिले जाते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून दोन्ही प्रश्न सुटे करून पाहू.

प्रथम कौशल्याचा विचार. ख्याल गाणारा गवई विलंबित एकताल घेऊन बसतो, तेव्हा तालाचे एक आवर्तन पुरे व्हायला कधी कधी जवळजवळ मिनिट लागते. त्या मिनिटाच्या मैदानात पुढे काय गायचे हे कोठेही लिहिलेले नसते. बंदिशीच्या दोन ओळी आणि रागाचे नियम एवढीच शिदोरी. त्यातून नवी वाट काढीत त्याला समेवर अचूक यायचे असते. आणि वाट काढताना रागाचे रूप तसूभरही बिघडू द्यायचे नसते. हे सोपे नव्हे.

आता चार आवाजांच्या गायनात मधल्या, म्हणजे अल्टोच्या, ओळीत उभी असलेली एखादी मुलगी पाहा. तिच्या वाट्याला मुख्य चाल आलेली नाही. वर सोप्रानो चाल गात असतात, खाली टेनर आणि बास आपापल्या वाटेने जात असतात. कानांवर तीन परक्या ओळी पडत असताना तिने आपली चौथी ओळ सोडायची नाही. आपला आवाज इतका मोठाही करायचा नाही की तो वेगळा ऐकू येईल, आणि इतका लहानही नाही की स्वरमेळात पोकळी पडेल. तिने उत्तम गायिले तर ती ऐकूच येत नाही; चुकली तर मात्र साऱ्या चर्चला कळते. हेही सोपे नव्हे.

तिसरे उदाहरण वाईच्या यमुनाबाई वाईकरांचे. बैठकीच्या लावणीत कलावतीने उठून नाचायचे नसते. बसल्या जागी गायचे आणि गाता गाता तीच ओळ पुन्हा घेऊन, केवळ डोळे, मान आणि हात यांनी, दर वेळी तिचा नवा अर्थ दाखवायचा. रुसवा, थट्टा, वाट पाहणे, तिरस्कार हे सारे एकाच ओळीतून काढायचे, आणि सूर किंवा ताल हलू द्यायचा नाही. ही अदाकारी यमुनाबाईंनी आयुष्यभर सांभाळली. ज्या लावणीचे नाव सभ्य घरांत दबक्या आवाजात घेतले जाई, त्याच लावणीसाठी २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर, त्या निवर्तल्या.

या तिघांत श्रेष्ठ कोण? गवयाला अल्टोच्या रांगेत उभे केले तर त्याचा गळा स्वभावधर्माने मुरकी घेईल आणि स्वरमेळ मोडेल. अल्टोतील मुलीला तंबोऱ्यापुढे बसविले तर ती कागद शोधील. दोघांनाही यमुनाबाईंची एक ओळ पाच प्रकारे सांगता येणार नाही. याने त्यांपैकी कोणीही उणा ठरत नाही. आपल्या किनाऱ्यावर खवळलेल्या समुद्रात होडी हाकणारेही आहेत आणि पावसाने निसरड्या झालेल्या माडावर चढणारेही आहेत. त्यांतला श्रेष्ठ कोण, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. होडी हाकणाऱ्याने लाट कशी घेतली, एवढेच विचारतात.

आमच्या मते संगीताचेही तेच आहे. प्रत्येक प्रकारात एक अवघड जागा असते. कलावंताची परीक्षा त्या जागी घ्यावी, दुसऱ्याच्या अवघड जागी नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. त्या ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नाट्यप्रयोगाचे गुणदोष ठरविणाऱ्या परीक्षकांची यादी आहे. तीत यज्ञकर्म जाणणारा, नर्तक, छंदःशास्त्रज्ञ, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायनवादनाचा जाणकार आणि राजसेवक असे दहा जण येतात. ज्याने त्याने आपापल्या विषयापुरता निवाडा द्यायचा. शृंगाराच्या हावभावांची पारख करायला व्याकरणपंडित चालणार नाही, तेथे गणिकेचाच शब्द प्रमाण. सगळे गुण एकाच प्रेक्षकात सापडणार नाहीत, हेही तेथे मान्य केलेले आहे. आमच्या त्या सायंकाळच्या बैठकीत प्रत्येक जण दहाही परीक्षकांच्या खुर्च्यांवर एकटाच बसला होता, हीच खरी अडचण होती.

येथे कोणी म्हणेल, मग सारेच सारखे झाले. टीकेला जागा उरली नाही. तसे नाही. उलट टीका अधिक कडक होते. ख्याल हा थोर प्रकार आहे या आधारावर आळशी ख्यालगायकाला सूट मिळत नाही. लॅटिन स्तोत्र पवित्र आहे म्हणून बेसूर गायनाला क्षमा नाही. चोख गायिलेली लावणी ही ढिसाळ गायिलेल्या ख्यालाहून कारागिरीच्या दृष्टीने वरचढ आहे, हे निर्भयपणे म्हणता आले पाहिजे. प्रकाराची प्रतिष्ठा गाणाऱ्याच्या खात्यावर जमा करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती तेवढी सोडायला हवी.

ती सवय किती फसवी आहे, हे आपल्याच बांधवांच्या उदाहरणावरून दिसते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चांशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. तेथे तयार झालेले कितीतरी वादक मुंबईस आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. त्यांचा जन्म १९२७ चा. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. मुंबईत ते चित्रपटांसाठी वाजवीत आणि संगीतरचनेची मांडणीही करीत. प्यारेलाल यांना व्हायोलिनचे धडे त्यांनीच दिले. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणाऱ्या स्वतःच्या रचना मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात सादर केल्या. पुढे १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी गुरूचे नाव आणले. सारा देश त्या नावावर नाचला; पण ते नाव धारण करणारा खराखुरा व्हायोलिनवादक होता, हे फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ मध्ये ते वारले.

आता उतरंड रचणाऱ्यांनी आम्हांला सांगावे, या माणसाला कोणत्या मडक्यात ठेवायचे? ज्या शिकवणीने वेदीजवळचे गायन घडविले, तिनेच चित्रपटातील व्हायोलिनही घडविले. रविवारी ज्या गजाला आपण पवित्र म्हणतो, तोच सोमवारी स्टुडिओत गेला की उथळ होतो काय?

आता दुसरा प्रश्न, ऐकणाऱ्याचा. या देशात ऐकणाऱ्याला सुधारण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न होऊन गेला आहे. १९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. ते विद्वान होते आणि शास्त्रीय संगीतावर त्यांचे मनापासून प्रेम होते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरील चित्रपटगीते आधी आटली आणि मग जवळजवळ नाहीशी झाली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी रेडिओचा काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावला. तेथे त्याच सुमारास 'बिनाका गीतमाला' सुरू झाली होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली.

केसकरांना हसण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्यांच्या काळात रेडिओवरून शास्त्रीय संगीत दूरदूरच्या घरांत पोहोचले, अनेक कलावंतांना आधार मिळाला, हे ऋण मान्य केले पाहिजे. चूक वेगळ्या ठिकाणी होती. चांगले वाढून ठेवणे ही एक गोष्ट. समोरच्याच्या ताटातले काढून घेऊन त्याला अडाणी ठरविणे ही दुसरी. पहिलीने रुची वाढते, दुसरीने माणूस पानावरून उठून जातो. आमच्या त्या दोघी भगिनी उठून गेल्या तशाच.

वाद्यांच्याही बाबतीत हेच घडले. १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. पेटीच्या पट्ट्या ठरावीक जागी बसविलेल्या असतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला घेता येत नाही, आणि आपल्या रागांतील सूक्ष्म श्रुती तिच्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडतात. हा आक्षेप शास्त्रशुद्धच होता. परंतु त्याच पेटीवर गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने महाराष्ट्राला वेड लावले होते, हेही तितकेच खरे. वाद्याची मर्यादा खरी होती; त्या मर्यादेवरून वाजविणाऱ्याविषयी आणि ऐकणाऱ्याविषयी काढलेला निष्कर्ष खरा नव्हता.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही असे चढउतार आहेत. सहाव्या शतकाच्या आरंभी बोएथियस या रोमन पंडिताने संगीतावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने तीन वर्ग केले: वाद्य वाजविणारे, प्रतिभेच्या बळावर गीते रचणारे आणि बुद्धीने निवाडा करणारे. खरा संगीतज्ञ तिसरा. वाजविणारा बिचारा हातांचा दास! गुरुविद्यालयात हा विचार आम्ही प्रथम वाचला, तेव्हा फार आवडला होता. तरुणपणी आपण निवाडा करणाऱ्यांतलेच आहोत असे प्रत्येकाला वाटत असते. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीताविषयी आदेश काढला. चर्चमध्ये शिरलेल्या नाटकी, ऑपेराच्या धर्तीच्या संगीताला त्यांनी आवर घातला, ग्रेगरी गायनाला आदर्श ठरविले, पियानो आणि ढोलासारखी वाद्ये वर्ज्य केली. त्याच आदेशाने गायकवृंदात स्त्रियांनाही मज्जाव होता. आज कोणत्याही धर्मग्रामातून स्त्रियांचे आवाज वगळले तर रविवारी काय उरेल?

साठ वर्षांनी, १९६३ च्या डिसेंबरात, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यात ग्रेगरी गायनाचा मान कायम ठेवलेला आहे, नळ्यांच्या ऑर्गनचाही गौरव आहे. पण ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या परंपरेला योग्य मान द्यावा आणि उपासनेतही स्थान द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. आपल्याकडे तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे साडेतीन शतके आधीच केले होते. युरोपात शिकलेल्या या जेज्वीट धर्मगुरूने १६१६ मध्ये छापलेल्या आपल्या ख्रिस्तपुराणासाठी लॅटिन वृत्त घेतले नाही. जात्यावर बसणाऱ्या बाईच्या ओठांवरची आणि ज्ञानेश्वरांच्या लेखणीतली ओवी घेतली.

एवढे सगळे ठाऊक असूनही आमच्या हातून जे घडले, ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. दीक्षेनंतरच्या पहिल्या काही वर्षांत आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक होतो. तेथे एक आजीबाई सणाच्या नोव्हेनानंतर चर्चच्या ओसरीवर जुनी गाणी म्हणत. आणखी चारपाच जणी त्यांच्यामागे म्हणत. आम्ही उत्साहाने पेटी घेऊन साथीला बसलो. त्यांचा एक सूर आमच्या कोणत्याही पट्टीवर बसेना. प्रत्येक वेळी तो दोन पट्ट्यांच्या मध्येच पडे. आम्ही तीनदा थांबवून तो 'सुधारला'. शेवटी त्या शांतपणे म्हणाल्या, "फादर, तुमच्या पेटीला आमचं गाणं येत नाही, त्याला आम्ही काय करणार?" सर्वजणी हसल्या. आम्हांला मात्र राग आला. पुढच्या वर्षापासून नोव्हेनाला गायकवृंदाची सोय करण्यात आली आणि ओसरी गप्प झाली. कोणी तक्रार केली नाही.

तो सूर चुकलेला नव्हता. दर कडव्याला, दर वर्षी, पाचही जणींच्या गळ्यांतून तो त्याच जागी पडत होता. चुकीला इतकी शिस्त नसते. हे आम्हांला कळले तेव्हा आजीबाई देवाघरी गेल्या होत्या, आणि ती गाणी सलग म्हणणारे त्या वस्तीत कोणी उरले नव्हते.

कुमार गंधर्वांची गोष्ट आम्ही त्यानंतर वाचली. क्षयाने आजारी होऊन ते देवासला राहावयास गेले, तेव्हा पाच-सहा वर्षे त्यांना गाणे बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या माळव्यातील बायकांची गाणी ऐकली. वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षापासून मैफिली जिंकलेला हा गवई. त्याने त्या गाण्यांना पायरीखाली ठेवले नाही. त्याने त्यांचा अभ्यास केला, त्या धुनांतून नवे राग उभे केले. आम्ही पेटी घेऊन शिकवायला बसलो होतो. ते पडल्या पडल्या शिकत होते. रसिकाची काही कसोटी असेलच तर ती अशा ऐकण्यात असावी. काय ऐकतो याहून कसे ऐकतो, हे पाहावे.

अर्थात धर्मगुरूला निवड करावीच लागते. एकदा अंत्यविधीच्या वेळी एका कुटुंबाने विनंती केली की वडिलांचे आवडते चित्रपटगीत मिस्सात वाजवावे. वडील एस. टी. चालक होते; मोहम्मद रफींची गाणी गुणगुणत त्यांनी घाट पार केले होते. आम्ही मिस्सात ते गीत घेतले नाही, कारण मिस्सात ख्रिस्ताच्या बलिदानाला धरूनच गायिले पाहिजे. पण आदल्या रात्री घरी प्रार्थना संपल्यावर आम्हीच ते लावायला सांगितले आणि ओसरीत बसून शेवटपर्यंत ऐकले. गीत तेथे योग्य नव्हते. ते हलके होते असे आम्ही म्हटले नाही, आणि ते आवडणारा माणूस हलका होता असे तर मुळीच नाही. 'येथे शोभत नाही' आणि 'हलके आहे' या दोन वाक्यांतील अंतर आपण पाळले, तर कितीतरी घरे दुखावणार नाहीत.

त्या सायंकाळनंतर दोन दिवसांनी आम्ही त्या दोघी भगिनींच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्यांनी चहा केला, इकडचे तिकडचे बोलल्या, आणि निघताना थोरल्या म्हणाल्या, "येऊ आम्ही. पण पेटी नको." आम्ही दचकलोच, जणू त्या ओसरीवरच्या आजीबाईच बोलल्या.

नाताळच्या रात्री मिस्सापूर्वी गोठ्याजवळ त्यांनी बाळ येशूचे जुने गाणे म्हटले. साथीला काही नव्हते. गायकवृंदाचे संचालक बाजूला उभे राहून आपल्या मोबाइलवर ते ध्वनिमुद्रित करीत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हांला कागद दाखविला. गाणे त्यांनी पाच रेघांवर उतरविले होते, फक्त एका स्वराच्या जागी लहानसे प्रश्नचिन्ह होते.

"हा सूर कोठे लिहू, ते कळत नाही," ते म्हणाले. थोडे थांबून प्रांजळपणे पुढे म्हणाले, "आणि फादर, गाणं मला अजून आवडलेलं नाही."

आम्ही म्हटले, नसू दे. पुढच्या रविवारी त्या दोघींना पुन्हा बोलावले आहे. तेव्हा त्यांनाच विचारा.